राजाच्या निशाणातला निळा

सोमवारी सकाळी दोन शिपाई आईच्या अंगणात शिरले आणि सरळ मागच्या खोलीकडे चालू लागले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. कुठे जायचं हे त्यांनी कुणाला विचारलंच नाही. खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली, कुलपावर लाख ओतून मोहोर मारली, 'राजाच्या नावाने' असं काहीतरी पुटपुटले आणि पेटी उचलून चालते झाले. मी डोक्यावर दोकोनोची टोपली घेऊन दारातच उभी. मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे गोळे पानात उकडून मी विकते. रोज पहिले चार आईला देते आणि मगच बाजार गाठते. त्या दिवशी टोपली खाली ठेवायचंही सुचेना.

माझा धाकटा भाऊ आतो अंगणाच्या मधोमध उभा होता. शिपायांकडे नव्हे, माझ्याकडे बघत होता.

"ताई, पेटी खाटेखाली आहे हे चारच माणसांना ठाऊक होतं."

"मग उरलेल्या तिघांना विचार की."

"एक मी. एक आई. एक बायदू शिंपी."

"आणि चौथी मी. एवढं मलाही कळतं. आडून काय बोलतोस, सरळ बोल!"

"तुझा नवरा कुठल्या पलटणीत नाचतो, ते मला शेजाऱ्यांसमोर बोलायला लावू नकोस," तो म्हणाला आणि घरात गेला. आई ओट्यावर मासे निवडत होती. तिने मान वर केली नाही.

आमच्या एन्सुआनो गावात पोराला कूळ मिळतं आईचं आणि पलटण, म्हणजे गावातली जुनी लढवय्यांची टोळी, मिळते बापाची. ही भानगड कुणी घालून ठेवली देव जाणे, पण सणाच्या महिन्यात तिच्यापायी कुठल्याच घरात धड जेवण होत नाही. बाप पहिल्या पलटणीचा होता, म्हणून आतो आणि मी पहिल्या पलटणीचे. मी लग्न केलं जोजोशी, तो दुसऱ्या पलटणीचा, आणि नुसता पलटणीचा नव्हे, त्यांचं निशाण घेऊन नाचणारा. म्हणजे माझ्या दोन्ही मुली कुळाने माझ्या आईच्या आणि पलटणीने शत्रूच्या. त्यात यंदा पहिल्या पलटणीने आतोला कप्तान नेमलं. नव्या कप्तानाने नवं निशाण शिवून सणाच्या शनिवारी बाहेर काढायचं असतं. निशाण नाही तर कप्तान कसला? पोरंसुद्धा हसतील.

आता निशाणाचं म्हणाल, तर एकवीस वर्षांपूर्वी एका निशाणावरून मारामारी झाली आणि अकरा माणसं गेली. माझा बाप त्यातच गेला. मग गव्हर्नराने विलायतेतल्या राजाच्या नावाने हुकूम काढला. लाल रंग पहिल्या पलटणीचा, निळा दुसरीचा, एकीने दुसरीचा रंग निशाणात घालायचा नाही. निशाणाचं चित्र आधी कचेरीतल्या साहेबाला दाखवायचं, ते वहीत चढणार. आणि प्रत्येक निशाणाच्या वरच्या कोपऱ्यात राजाचं निशाण हवंच. उत्तरेकडची माणसं म्हणे नुसती राजाच्या आश्रयाखाली, आम्ही किनाऱ्यावरचे मात्र थेट राजाचे. मोठा मान! त्यामुळे आमच्या चिंध्यांचा रंगसुद्धा थेट राजाने ठरवायचा.

पण राजाच्या निशाणातच निळा आहे. इतकी वर्षं ते कुणाला खुपलं नव्हतं, कारण तो कोपरा तळहाताएवढा असायचा. आतोच्या डोक्यातून मात्र भलतंच निघालं. त्याने साहेबाला दाखवलेल्या चित्रात कोपरा नेहमीएवढाच ठेवला, आणि बायदूला सांगितलं, अर्धं निशाण राजाचं कर. दुसऱ्या पलटणीचा निळा त्यांच्याच नाकासमोर नाचवायचा, आणि कुणी बोललंच तर म्हणायचं, राजावर हात टाकतोस का रे? शिवून झालं तेव्हा त्याने ते आईला आणि मला दाखवलं. दाराला कडी लावून. खोलीभर निळं पसरलं होतं आणि हा हसत होता.

"उसव ते," आई म्हणाली.

"आई, कायद्याने कुणी हात लावू शकत नाही!"

"तुझा बापही कायद्यात बसणारंच निशाण घेऊन गेला होता. उसव."

त्याने पेटी बंद केली आणि खाटेखाली ढकलली.

तर पेटी जप्त झाली त्या सोमवारी मी बाजारात बसले, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. बायदू बोलला असेल? तो परगावचा, दोन्ही पलटणींचं शिवतो. एकदा तोंड उघडलं असतं तर पुन्हा कुणी त्याला सदऱ्याची गुंडीसुद्धा लावायला दिली नसती. आतो स्वतःच्या पायावर धोंडा कशाला मारेल? आणि आई तर आई. म्हणजे फिरून फिरून मीच. आणि खरं सांगू? मला माझाच भरवसा वाटेना. कारण मी जोजोपाशी एक वाक्य बोलले होते.

घरी आले तर जोजो अंगणात जाळं दुरुस्त करत बसलेला. मी टोपली आपटली.

"तुला मी काय सांगितलं होतं? आठव."

"कधी? तू दिवसभर काही ना काही सांगतच असतेस."

"चेष्टा नको. आतोने निळं कापड फार घेतलंय, असं मी म्हटलं होतं की नाही?"

त्याचा हात थांबला. "म्हटलं होतंस. मला वाटलं, बायकोला शिवतोय काहीतरी."

"आणि मग तू कुणापाशी बोललास? तुमच्या त्या कप्तानापाशी? ताडी पिताना?"

"अराबा, माझ्याकडे बघ. मी कुणापाशी बोललो असतो, तर आमची माणसं साहेबाकडे गेली असती का? कोयते घेऊन तुझ्या आईच्या दारात आली असती."

खोटं नव्हतं ते. पण मनाला ते पटेना. जेवताना तो भात चावत होता आणि मी त्याचं तोंड बघत होते. दहा वर्षांचा संसार, आणि आज मला वाटावं की हा माणूस माझ्या तोंडून शब्द काढून घ्यायलाच माझ्याशेजारी झोपतो? तोही मला म्हणाला, "भावाकडून इकडची बातमी काढायला तर नाही ना पाठवलं तुला?" झालं. रात्री दोघं दोन भिंतींकडे तोंड करून झोपलो.

बुधवारी साहेबाने दोन्ही पलटणींच्या कप्तानांना आणि आम्हा सगळ्यांना कचेरीत बोलावलं. साहेब नवा, नाक उन्हाने सोललेलं, समोर ती जाडजूड वही. बाजूला दुभाष्या एसिल्फी, कडक इस्त्रीचा, आमच्याकडे बघताना नाक मुरडणारा. पेटी उघडून त्यांनी निशाण जमिनीवर पसरलं. दुसऱ्या पलटणीची माणसं जागच्या जागी उठली. त्यांचा कप्तान ओरडला, "आमचा रंग! बघा, आमचा रंग चोरलाय!" दारात चार बंदुकवाले होते म्हणून बरं. हेच शनिवारी रस्त्यावर उघडलं असतं तर काय झालं असतं, ते मला त्या क्षणी डोळ्यांसमोर दिसलं. जोजोचे ओठ पांढरे पडले होते. तो पुढच्या रांगेत असता आणि समोरून आतो.

एसिल्फीने निनावी अर्ज वाचला. खाली नुसता अंगठा, तोही फराटलेला.

"मायबाप सरकार, गरीब रयत पायाशी लोळण घेऊन कळवते, की पहिल्या पलटणीचं निशाण कप्तानाच्या आईच्या घरी मागच्या खोलीत खाटेखाली आहे. त्यात अर्धा निळा आहे. हुकमाप्रमाणे निळा पहिल्या पलटणीला मना आहे. परंतु हा निळा खुद्द राजाच्या निशाणातला असल्यामुळे तो चूक आहे असं म्हणायची रयतेची छाती नाही. तरी सरकारने राजालाच विचारावं, आणि उत्तर येईपर्यंत निशाण आपल्यापाशी सांभाळावं."

साहेबाचं सोललेलं नाक आणखी लाल झालं. निळा चालेल म्हणावं तर राजाचा हुकूम मोडला. चालणार नाही म्हणावं तर राजाच्या निशाणाला मना केल्यासारखं. तो वही चाळतोय, एसिल्फीच्या कानात बोलतोय, पुन्हा वही चाळतोय. हसू आलं मला, एवढ्या चिंतेतही. ज्याने कुणी हे लिहवलं होतं, त्याने साहेबाला बरोब्बर कोंडीत धरलं होतं.

"अजून थोडं आहे," एसिल्फी म्हणाला. "मागच्या मारामारीत अकरा माणसं गेली. त्यातला एक तीन दिवस जगला. तिन्ही दिवस तो शहाळ्याचं पाणी मागत होता. हाडवैद्याने नको म्हटलं, म्हणून घरच्यांनी दिलं नाही. तो तहानलेलाच गेला. सरकारने याचाही विचार करावा."

माझं हसू गेलं.

तेव्हा मी नऊ वर्षांची होते. शहाळं मीच कापून आणलं होतं. आईने ते माझ्या हातातून घेऊन दारामागे ठेवलं आणि दाराला पाठ लावून बसली. आत बाप मागत होता. आतो तिच्या अंगावर पीत होता. आमच्याखेरीज कुणी नव्हतं तिथे, आणि त्यानंतर ती गोष्ट आमच्या घरात कुणी कधी काढली नाही. अकरातले चौघं-पाचजण तसेच रेंगाळून गेले होते, त्यामुळे कचेरीत कुणाच्या डोक्यात काही आलं नाही. मी आईकडे पाहिलं. ती पदराची किनार सरळ करत होती. मागच्या आठवड्यात दात दुखतो म्हणून ती एकटी शेजारच्या गावी गेली होती. तिथल्या बाजारात अर्ज लिहिणारे बसतात.

साहेबाने निकाल दिला. गव्हर्नरांना लिहितो, ते विलायतेला लिहितील, तोवर निशाण कचेरीत राहील. बाहेर आल्यावर आतो माझ्यासमोर उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते, आणि ते मला त्याच्या शिव्यांपेक्षा जड गेलं.

"माझी पलटण मला विचारतेय, कप्तान, तुझ्या घरातच फितूर आहे का? मी काय सांगू? शुक्रवारी पलटणीच्या ठाण्यापुढे शपथेचं पाणी आहे. ज्यांनी ज्यांनी निशाण पाहिलं, ते सगळे पिणार. बायदू, तू, मग आई."

"आईला कशाला?"

"नियम आहे. तिला काय भीती? तुलाही नसेल तर पी."

शपथेचं पाणी खोटं बोलून प्यायलेलं माणूस वर्ष काढत नाही. हे मी कुणाकडून ऐकून सांगत नाही, दोघांना जाताना मी पाहिलंय. तुम्ही हसाल तर हसा. मला स्वतःला भीती नव्हती. पत्र मी लिहवलं नाही, एवढं मी देवाच्या डोळ्यात डोळे घालून म्हटलं असतं. पण माझ्यानंतर तो वाडगा आईकडे जाणार होता. ती प्यायली तर मरणार. नाही म्हणाली तर आतोला कळणार, की गावासमोर त्याची लाज काढली ती जन्मदात्या आईने. कुळाचा संताप वेगळाच.

गुरुवारी मी तीनदा तिच्या दारात गेले. तिन्ही वेळा आतो घरी. तिसऱ्यांदा म्हणाला, "आईला पढवायला आलीस का?" मी तशीच फिरले.

शुक्रवारी पलटणीच्या ठाण्यापुढे सगळे जमले. तोफांमध्ये, ठाण्याच्या माथ्यावर बांधलेल्या सिमेंटच्या जहाजाखाली, कुळातले थोरले नाना अमिसा वाडगा घेऊन बसले होते. बायदू प्यायला, तोंड पुसलं आणि आपल्या गावाची वाट धरली. मग माझी पाळी. पाणी काळपट होतं. मागे आई स्टुलावर ताठ बसलेली, नवं कापड नेसून. सणाला नेसायचं कापड.

"बोल," नाना म्हणाले. "'हे पत्र मी लिहवलं नाही.'"

मी वाडगा हातात घेतला. तोंडापर्यंत नेला. आणि उलटा केला, सगळं पाणी वाळूत.

"मी लिहवलं."

कुणीतरी किंचाळलं. मला वाटतं आईच.

"माझा नवरा निशाणापुढे नाचतो," मी म्हटलं, "आणि माझा भाऊ त्याला मारायला निघाला होता. मग काय करू? दोघांना एका खड्ड्यात पुरू? केलं मी. काय करायचंय ते करा!"

आवाज चढला होता माझा, आणि गंमत अशी की ते सगळं खरंच होतं, एक सोडून. आतोने पायातली चप्पल काढली, नातं तोडल्याची खूण म्हणून ती माझ्यापुढे वाळूत ठेवली आणि अनवाणी निघून गेला. नानांनी उभ्या उभ्या निकाल दिला. आईच्या घराचा उंबरा मला बंद. त्या घरातल्या लग्नाला नाही, बारशाला नाही. त्या घरातलं कुणी गेलं तर त्याला आंघोळ घालायला माझा हात लागणार नाही. मुली कुळातच राहतील, त्यांचा काय दोष. फक्त मला काढलं. आई मध्ये उठली होती, "ऐका," असं काहीतरी म्हणत होती. दोन बायकांनी तिला धरून बसवलं. म्हातारी लेकीसाठी रडतेय, असंच सगळ्यांना वाटलं.

शनिवारी सण झाला. पहिली पलटण जुनं विटलेलं निशाण घेऊन निघाली, आतो मान खाली घालून पुढे. दुसरी पलटण समोरून आली. टोमणे झाले, शिट्ट्या झाल्या, कुणीतरी कुजकी पपई फेकली. बस्. संध्याकाळी जोजो घामेजून घरी आला आणि त्याने तीन ताटल्या भात खाल्ला. आतोही कुठेतरी जेवला असेल.

दुसऱ्या पलटणीच्या बायका आता माझ्याच टोपलीतून दोकोनो घ्यायला लागल्या. "शाबास गं," म्हणायच्या. असा राग यायचा! जोजो मात्र शाबास म्हणाला नाही. एकदा फक्त म्हणाला, "तू हे केलेलं नाहीस." मी म्हटलं, "तुला काय माहीत?" तो म्हणाला, "तू केलं असतंस तर आधी दोन दिवस आरडाओरडा करून मग केलं असतंस." राजाचं उत्तर यायला पुढे दोन वर्षं लागली. राजाच्या निशाणातला निळा हा निळा धरू नये, असं आलं. तोवर पेटीतल्या निशाणाला कसर लागली होती.

पण मला सांगायचंय ते सणानंतरच्या बुधवारचं. दुपारी होड्या समुद्रावर होत्या, आतोचीही. मी चुलीपाशी होते. दार ढकलून आई आत आली. माझ्या लग्नाला दहा वर्षं झाली, दुसऱ्या पलटणीच्या माणसाच्या घरात तिने पाऊल टाकलं नव्हतं. आली आणि उभ्या उभ्या भांडायलाच लागली.

"तुला कोणी सांगितलं होतं मध्ये तोंड घालायला?"

"हळू बोल. शेजारी कान टवकारून असतात."

"मी ते पाणी पिणार होते, अराबा! सगळं ठरवलं होतं. नवं कापड नेसून आले होते. तू खरी शपथ घेतली असतीस, मी खोटी घेतली असती, आणि वर्षाच्या आत गेले असते. म्हातारी बाई गेली, कुणाला संशय आला असता? म्हणून तर तुला काही सांगितलं नाही. तुझी शपथ खरी राहावी म्हणून!"

"आणि मी काय करायचं होतं? बघत बसायचं होतं?"

"हो!" ती म्हणाली. "बघत बसायचं होतं. मी नाही बसले का, दाराला पाठ लावून?"

ती जमिनीवर बसली. एवढीशी झाली होती ती त्या चार दिवसांत.

"आतोला सांगते आज," ती म्हणाली.

"सांगून बघ. तो तुला घराबाहेर काढणार नाही, स्वतःच जाईल. आणि पलटण त्याला कप्तान ठेवेल? गप बस."

"मग तू अशीच राहणार? बाहेरची?"

"राहीन."

तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग हळूच म्हणाली, "मी गेले की आतोची बायको घालेल मला आंघोळ. तिचे हात असे खरखरीत."

मी उठले. मोठं पातेलं चुलीवर चढवलं. परसात तीन फळ्या लावून आडोसा केला, काथ्याची घासणी आणि साबण काढला, स्वच्छ कापड काढलं.

"हे काय?" ती म्हणाली. "ही काय आंघोळीची वेळ आहे?"

"नंतर मला येऊ देणार नाहीत."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग उठली आणि कापडाची गाठ सोडली. मी तिला पाटावर बसवलं आणि आमच्या घरात बायका गेलेल्या माणसाला घालतात त्या क्रमाने सुरुवात केली, आधी तोंड, मग उजवा हात, मग डावा. रडू येत होतं, येऊ दिलं. पाठीवर तांब्या ओतला तशी ती कळवळली.

"अगं, पाणी फार कढत आहे!"

"असू दे," मी म्हटलं. "आज तुला कळतंय तरी."